सागरी अभियंत्यांचे प्रशिक्षण व सक्षमता प्रमाणन

व्यापारी जहाजावरील मुख्य एंजिन, बाष्पित्रे, विद्युत् जनित्रे, पंप, संपीडक, सुकाणू यंत्रणा इ. यंत्रसामग्री सुरक्षितपणे चालविण्यास आणि तिची देखभाल व दुरुस्ती करण्यास एखादी व्यक्ती प्रत्यक्षात समर्थ आहे किंवा नाही, हे ठरविण्याची आणि त्या दृष्टीने तिला तयार करण्याची पद्धती. उमेदवाराने किती वर्षे अध्ययन केले किंवा लेखी परीक्षेत किती गुण मिळविले, यापेक्षा नेमून दिलेले काम तो ठराविक परिस्थितीत व ठराविक दर्जाने करू शकतो काय, या प्रश्नाला तीत निर्णायक महत्त्व असते. अशा पद्धतीस सक्षमताधिष्ठित प्रशिक्षण असे म्हणतात. सागरी अभियंत्यांच्या बाबतीत तिला आंतरराष्ट्रीय कराराचे व कायद्याचे अधिष्ठान लाभलेले असल्यामुळे अभियांत्रिकीच्या इतर शाखांतही तिचा दाखला वारंवार दिला जातो.

अभियांत्रिकीची पदवी आणि सक्षमता प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देते. ती विशिष्ट अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची साक्ष असून सामान्यतः आयुष्यभर टिकते. सक्षमता प्रमाणपत्र शासन देते. ते विशिष्ट हुद्द्यावर काम करण्याचा परवाना असून त्याची मुदत संपते व ते रद्दही होऊ शकते. जमिनीवरील कारखान्यात यंत्र बंद पडल्यास बाहेरून तज्ञ बोलाविता येतो, काम थांबविता येते, निदान कामगारांना बाहेर काढता येते. भर समुद्रात यांपैकी काहीही सहज शक्य नसते. वादळात मुख्य एंजिन बंद पडले, तर जहाजावरील सर्वांचे प्राण, माल आणि जवळचा किनारा यांचे भवितव्य त्या क्षणी एंजिनकक्षात असलेल्या दोनचार माणसांच्या ज्ञानावर व हातांवर अवलंबून राहते. त्यामुळे या माणसांना काय येते, याची खात्री आधीच करून घेणे ही केवळ शैक्षणिक बाब न राहता सार्वजनिक सुरक्षिततेची बाब ठरते.

इतिहास : जहाजावरील अधिकाऱ्यांच्या सक्षमतेची शासकीय परीक्षा घेण्याची प्रथा ब्रिटनमध्ये १८५० च्या व्यापारी नौकानयनविषयक कायद्याने दृढ झाली, परंतु तो कायदा कप्तान व त्यांचे दुय्यम अधिकारी यांच्यापुरताच होता. शिडांच्या जहाजांची जागा वाफेची जहाजे घेऊ लागल्यावर एंजिने व बाष्पित्रे हाताळणाऱ्यांच्या पात्रतेचा प्रश्न निकडीचा झाला. १८६२ च्या दुरुस्ती कायद्याने अभियंत्यांसाठी प्रथम व द्वितीय वर्गाची प्रमाणपत्रे सुरू केली आणि परदेशी जाणाऱ्या आगबोटींवर असे प्रमाणपत्रधारक अभियंते असणे सक्तीचे केले. कारखान्यातील उमेदवारी, समुद्रावरील सेवा आणि नंतर परीक्षकासमोर लेखी व तोंडी परीक्षा, अशी त्रिविध चाचणी तेव्हापासून रूढ झाली. तिचा मूळ ढाचा आजही टिकून आहे.

कामाचे पृथक्करण करून त्यावरून शिक्षणक्रम बेतण्याची कल्पना कारखानी शिक्षणात स्वतंत्रपणे वाढली. मॉस्को येथील शाही तांत्रिक विद्यालयाचे संचालक व्हिक्टर डेला-व्होस यांनी १८६८ च्या सुमारास सुतारकाम, लोहारकाम, कातकाम इत्यादींतील क्रियांचे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे क्रम लावून ते शिकविण्याची पद्धत बसविली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती मांडण्यात आल्यावर अमेरिकेतील तांत्रिक शिक्षणावर तिचा मोठा परिणाम झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सक्षमता’ ही संज्ञा शिक्षणशास्त्रात व व्यवस्थापनात प्रचारात आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात, बुद्धिमापनाच्या चाचण्यांऐवजी प्रत्यक्ष कामाशी निगडित असलेल्या सक्षमतेची चाचणी घ्यावी, असे प्रतिपादन केले. या लेखाने त्या चर्चेला चालना दिली.

सागरी क्षेत्रात मात्र बदल घडवून आणला तो अपघातांनी. टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज मार्च १९६७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. मार्च १९७८ मध्ये अमोको कादीस या जहाजाची सुकाणू यंत्रणा निकामी होऊन ते फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटले व सु. २,२०,००० टनांहून अधिक खनिज तेल समुद्रात गेले. निरनिराळ्या देशांच्या ध्वजांखाली चालणाऱ्या जहाजांवरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा दर्जा सारखा नाही, ही जाणीव त्यापूर्वीच तीव्र झालेली होती. आज आंतरराष्ट्रीय सागरी संघटना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने लंडन येथे भरविलेल्या परिषदेत ७ जुलै १९७८ रोजी नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणन व पाळीकार्य यांच्या मानकांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. तो २८ एप्रिल १९८४ पासून अंमलात आला असून ‘एसटीसीडब्ल्यू’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो.

मूळ करारात प्रामुख्याने किमान ज्ञानाच्या याद्या होत्या. त्या ज्ञानाची खात्री कशी करून घ्यावयाची, हे प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडलेले होते. ‘शासनाचे समाधान होईल अशा रीतीने’ यासारख्या शब्दप्रयोगांचे अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावले. परिणामी प्रमाणपत्र सारखे, पण त्यामागील कसब भिन्न, अशी स्थिती उद्‌भवली. ही त्रुटी दूर करण्यासाठी १९९५ मध्ये कराराची आमूलाग्र पुनर्रचना करण्यात आली. त्याला एक तपशीलवार संहिता जोडण्यात आली. तिचा पहिला भाग बंधनकारक व दुसरा मार्गदर्शनपर आहे. ज्ञानाच्या याद्यांची जागा सक्षमतेच्या कोष्टकांनी घेतली. या दुरुस्त्या १ फेब्रुवारी १९९७ पासून लागू झाल्या. २०१० मध्ये मॅनिला येथे झालेल्या परिषदेत संहितेत पुन्हा व्यापक सुधारणा झाल्या व त्या १ जानेवारी २०१२ पासून अंमलात आल्या. विद्युत्-तांत्रिक अधिकारी हा स्वतंत्र हुद्दा याच वेळी मान्य झाला.

भारतातील विकास : वाफेच्या जहाजांच्या काळात मुंबई व कलकत्ता येथील जहाजदुरुस्तीच्या कारखान्यांत उमेदवारी करून समुद्रावर जाणे, हाच अभियंता होण्याचा मुख्य मार्ग होता. डफरिन हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये मुंबई बंदरात नांगरले गेले आणि भारतीय तरुणांना व्यापारी नौदलाच्या अधिकारपदाचे दार उघडले. प्रथम तेथे नौकानयनाचे शिक्षण दिले जाई. पुढे १९३५ पासून अभियांत्रिकी शाखेचे उमेदवारही घेण्यात येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई येथे सेवेतील अधिकाऱ्यांना सक्षमता परीक्षांसाठी तयार करणारे महाविद्यालय निघाले. ते आज लालबहादूर शास्त्री यांच्या नावाने ओळखले जाते. १९४९ मध्ये सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षण संचालनालय स्थापन झाले आणि कलकत्ता व मुंबई येथे उमेदवारांच्या शिक्षणाची सोय झाली. त्याच वर्षी नौवहन महासंचालनालयाची मुंबईत स्थापना झाली. प्रशिक्षण संस्थांना मान्यता देणे, परीक्षा घेणे व प्रमाणपत्रे देणे ही कामे या संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठाची स्थापना होऊन शासकीय प्रशिक्षण संस्था त्यात समाविष्ट झाल्या. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय चेन्नई येथे आहे. सक्षमता प्रमाणपत्रांना दीर्घकाळ १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याचा आधार होता. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला.

सक्षमतेची मानके : जहाजावरील सर्व कामांची संहितेत सात कार्यांत विभागणी केलेली आहे. त्यांपैकी चार अभियंत्यांशी संबंधित आहेत : (१) सागरी अभियांत्रिकी, (२) विद्युत्, इलेक्ट्रॉनिक व नियंत्रण अभियांत्रिकी, (३) देखभाल व दुरुस्ती, (४) जहाजाच्या परिचालनावर नियंत्रण व जहाजावरील व्यक्तींची काळजी. जबाबदारीच्या तीन पातळ्या मानल्या जातात. मुख्य अभियंता व द्वितीय अभियंता व्यवस्थापन पातळीवर येतात, पाळीवरील अभियंता परिचालन पातळीवर आणि त्यांच्या हाताखालील कर्मचारी साहाय्य पातळीवर.

प्रत्येक कार्य व पातळी यांसाठी एक कोष्टक दिलेले असून त्यात चार स्तंभ असतात. पहिल्या स्तंभात सक्षमता, म्हणजे करता यावयाचे काम सांगितलेले असते. दुसऱ्यात त्यासाठी लागणारे ज्ञान, आकलन व प्रावीण्य दिलेले असते. तिसऱ्या स्तंभात ती सक्षमता कोणत्या मार्गाने सिद्ध करावयाची, हे नमूद केलेले असते, उदा., मान्यताप्राप्त समुद्रसेवा, प्रशिक्षण जहाज, सिम्युलेटर किंवा कर्मशाळा. चौथ्या स्तंभात मूल्यमापनाचे निकष असतात. जुन्या अभ्यासक्रमात केवळ दुसरा स्तंभ असे. पहिला, तिसरा व चौथा हे स्तंभ जोडले गेल्यामुळे शिक्षकाला काय शिकवावयाचे याबरोबरच परीक्षकाला काय पहावयाचे, हेही निश्चित झाले. सक्षमताधिष्ठित पद्धतीचे सार या चार स्तंभांत आहे.

प्रशिक्षणाची आखणी : आखणीची सुरुवात पुस्तकापासून न करता कामापासून केली जाते. प्रथम अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने त्या हुद्द्यावरील कामांचे पृथक्करण करतात. कोणती कामे रोज करावी लागतात, कोणती क्वचित, आणि कोणती क्वचित असली तरी चुकल्यास घातक ठरतात, यांची नोंद केली जाते. या तिसऱ्या प्रकारच्या कामांकडे विशेष लक्ष पुरविणे आवश्यक असते, कारण रोजच्या अनुभवातून ती आपोआप अंगवळणी पडत नाहीत. त्यानंतर प्रत्येक कामाचे विधान, ते ज्या परिस्थितीत करावयाचे ती परिस्थिती आणि समाधानकारक कामाचे निकष लिहिले जातात. मग त्या कामामागील ज्ञान निश्चित करून शिक्षणाचा क्रम लावतात. मूल्यमापनाची साधने निकषांवरून याच टप्प्यावर तयार केली जातात; ती शिकवून झाल्यावर सुचतील तशी तयार करणे इष्ट नसते.

उदाहरणादाखल, चालू असलेल्या विद्युत् जनित्राशी दुसरे जनित्र समांतर जोडणे हे पाळीवरील अभियंत्याचे नित्याचे काम घेता येईल. ‘जनित्रांच्या समांतर जोडणीचे ज्ञान असावे’ असे म्हटल्याने काहीच मोजता येत नाही. त्याऐवजी विधान पुढीलप्रमाणे करतात : जहाजावरील वीजपुरवठ्यात खंड पडू न देता दुसरे जनित्र चालू करून जोडणे व भार वाटून देणे. त्यातील कृती निश्चित असतात. वंगण तेल, शीतक पाणी व सुरू करण्यासाठी लागणारी संपीडित हवा यांची तपासणी करून एंजिन सुरू करावयाचे. येणाऱ्या जनित्राचा विद्युत् दाब चालू जनित्राएवढा करावयाचा. त्याची कंप्रता किंचित जास्त ठेवावयाची. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरू लागला, की तो बाराच्या खुणेजवळ पोहोचण्यापूर्वी थोडे आधी ब्रेकर बंद करून मंडल पूर्ण करावयाचे. आणि लगेच येणाऱ्या जनित्रावर भार घ्यावयाचा.

निकष लिहिताना क्रमाबरोबरच कारणांचाही विचार करावा लागतो. दोन्ही जनित्रांच्या कला जुळलेल्या नसताना जोडणी केल्यास प्रचंड प्रवाह वाहून गुंडाळ्या व दंड यांना इजा होऊ शकते, हे उमेदवाराला सांगता आले पाहिजे. काटा उलट दिशेने फिरत असताना जोडणी केल्यास येणारे जनित्र वीज देण्याऐवजी घेऊ लागते व प्रतिशक्ती संरक्षकामुळे त्याचा ब्रेकर सुटतो, हेही त्याला ठाऊक असावे लागते. खरी कसोटी परिस्थिती बदलल्यावर लागते. सिंक्रोस्कोप नादुरुस्त असल्यास दिव्यांच्या साहाय्याने तो क्षण ओळखता येतो काय, आणि भार घेताच नव्या एंजिनाच्या वंगण तेलाचा दाब घसरू लागला तर प्रथम काय करावयाचे, असे प्रश्न विचारून उमेदवाराने कृती पाठ केली आहे की समजून घेतली आहे, हे पाहता येते.

प्रशिक्षणाचे टप्पे : भारतात सागरी अभियंता होण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे सागरी अभियांत्रिकीचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. दुसरा, यांत्रिक अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी असलेला सु. एक वर्षाचा पूर्व-सागरी अभ्यासक्रम. या काळात उष्मागतिकी, पदार्थांचे बल, जहाजबांधणी, विद्युत् यंत्रे, नियंत्रण पद्धती इ. विषयांबरोबरच कर्मशाळेतील काम शिकविले जाते. फिटिंग, वितळजोड, कातयंत्रावरील काम, पंप व झडपा उघडून दुरुस्त करणे यांचा सराव अनिवार्य असतो. जहाजावर सुटा भाग मिळेपर्यंत जुनाच भाग कामचलाऊ करण्याची पाळी अभियंत्यावर नेहमी येते. अग्निशमन, जीवरक्षण व प्रथमोपचार यांचे मूलभूत प्रशिक्षण समुद्रावर जाण्यापूर्वी घ्यावेच लागते.

यापुढील टप्पा समुद्रावरील असतो. ७५० किवॅ. किंवा अधिक शक्तीचे मुख्य एंजिन असलेल्या जहाजावर पाळीचा अधिकारी होण्यासाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. मान्यताप्राप्त कार्यक्रमाचा भाग म्हणून कर्मशाळा प्रशिक्षण व समुद्रसेवा मिळून किमान १२ महिने पूर्ण करावे लागतात. असा कार्यक्रम नसल्यास ही मुदत ३६ महिने असून त्यांपैकी ३० महिने एंजिन विभागातील समुद्रसेवा असावी लागते. दोन्ही बाबतींत किमान सहा महिने पात्र अभियंत्याच्या देखरेखीखाली पाळीचे काम करणे आवश्यक असते. कार्यक्रमातील कॅडेटजवळ प्रशिक्षण नोंदपुस्तिका असते. प्रत्येक काम त्याने केव्हा व कसे केले, हे पाहून जबाबदार अधिकारी तीत सही करतो.

मूल्यमापन : सामान्य परीक्षेत एका प्रश्नातील कमी गुण दुसऱ्यात भरून काढता येतात. सक्षमतेच्या चाचणीत अशी भरपाई मान्य होत नाही. एंजिनांच्या सिद्धांतात उत्तम, परंतु बाष्पित्रातील पाण्याची पातळी दाखविणारी काच तपासता न येणारा उमेदवार सरासरीने उत्तीर्ण होऊ शकत नाही. म्हणून कामांतील घातक बाबी वेगळ्या काढून त्या प्रत्येक उमेदवाराने निरपवादपणे साधल्याच पाहिजेत, असा नियम केला जातो. एकदा जमलेले काम योगायोगाने जमलेले असू शकते. त्यामुळे शक्य तेथे ते भिन्न परिस्थितींत एकाहून अधिक वेळा पाहतात. दोन परीक्षकांचा निर्णय एकच यावा यासाठी निरीक्षणपत्रके ठरलेली असतात आणि परीक्षकांनाही मूल्यमापनाचे प्रशिक्षण देणे कराराने बंधनकारक केलेले आहे.

एंजिनकक्षातील आग, संपूर्ण वीज जाणे, वायुप्रवेश मार्गातील स्फोट यांसारखे प्रसंग खऱ्या यंत्रांवर घडवून आणता येत नाहीत. त्यांसाठी एंजिनकक्षाच्या सिम्युलेटरचा उपयोग करतात. त्यावर बिघाड पूर्वसूचनेशिवाय घालता येतो, उमेदवाराचा प्रत्येक निर्णय वेळेसह नोंदला जातो आणि नंतर त्यावर चर्चा करता येते. तथापि उष्णता, आवाज, जहाजाचे हेलकावे व अपुरी झोप यांचा अनुभव सिम्युलेटर देत नाही. त्यामुळे तो समुद्रसेवेचा पूर्ण पर्याय ठरत नाही. अखेरची तोंडी परीक्षा अद्याप महत्त्वाची मानली जाते. अनुभवी परीक्षक एका बिघाडापासून सुरुवात करून उत्तरागणिक परिस्थिती बदलत जातो आणि उमेदवाराचे ज्ञान जेथे संपते ती मर्यादा शोधतो. आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखून मुख्य अभियंत्यास वेळीच बोलाविणे हाही सक्षमतेचाच भाग समजला जातो.

प्रमाणपत्रांच्या श्रेणी व नूतनीकरण : भारतात परदेशगामी जहाजांसाठी सागरी अभियंता अधिकाऱ्याची चतुर्थ, द्वितीय व प्रथम वर्गाची प्रमाणपत्रे दिली जातात. ती अनुक्रमे पाळीचा अधिकारी, द्वितीय अभियंता व मुख्य अभियंता या हुद्द्यांशी जुळतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ३,००० किवॅ. वा अधिक शक्तीच्या जहाजावर द्वितीय अभियंता होण्यासाठी पात्र अधिकारी म्हणून किमान १२ महिन्यांची समुद्रसेवा लागते. मुख्य अभियंत्यासाठी ती ३६ महिने असून त्याने किमान १२ महिने द्वितीय अभियंता म्हणून काम केलेले असल्यास २४ महिन्यांपर्यंत कमी करता येते. ७५० ते ३,००० किवॅ. या मर्यादेतील जहाजांसाठी अटी सौम्य आहेत.

सक्षमता ही एकदा मिळवून कायम राहणारी वस्तू नाही, हे तत्त्व नूतनीकरणाच्या नियमांत दिसते. सागरी अभियंत्यास दर पाच वर्षांच्या आत आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. त्यासाठी मागील पाच वर्षांत किमान १२ महिन्यांची किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांची समुद्रसेवा, अथवा मान्य केलेला अन्य पर्याय आणि वैद्यकीय पात्रता यांचा पुरावा द्यावा लागतो.

गुणवत्ता नियंत्रण : प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्या यंत्रणेच्या विश्वासार्हतेएवढीच असते. म्हणून १९९५ च्या दुरुस्त्यांनी उमेदवारांबरोबर शासनांनाही तपासणीखाली आणले. प्रशिक्षण, परीक्षा व प्रमाणन यांसाठी प्रत्येक देशाने गुणवत्ता पद्धती ठेवावी आणि जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तिचे स्वतंत्र मूल्यांकन करवून त्याचा अहवाल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेस द्यावा, असे ठरले. कराराची पूर्ण अंमलबजावणी केल्याचे ज्यांनी दाखवून दिले, अशा देशांची पहिली यादी डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ‘श्वेतसूची’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या यादीत ७१ देश व एक सहसदस्य यांचा समावेश होता. त्यांत भारतही होता. यादीत नसलेल्या देशांच्या प्रमाणपत्रधारकांना इतर देशांच्या जहाजांवर नोकरी मिळणे अवघड झाले. त्यामुळे नियम पाळण्यास आर्थिक कारणही निर्माण झाले.

बनावट प्रमाणपत्रे ही या व्यवस्थेपुढील जुनी समस्या आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेसाठी कार्डिफ येथील संशोधन केंद्राने केलेल्या व २००१ मध्ये सादर झालेल्या पाहणीत अशी १२,००० हून अधिक प्रकरणे आढळली. प्रमाणपत्राची सत्यता दुसऱ्या देशाला तत्काळ पडताळता यावी म्हणून संगणकीय नोंदवह्या ठेवण्याची पद्धत नंतर सार्वत्रिक झाली. पडताळणीने बनावट कागद ओळखता येतो. परंतु खऱ्या कागदामागे खोटी नोंद असल्यास ती शोधणे पुष्कळ कठीण जाते.

मर्यादा व आक्षेप : सक्षमताधिष्ठित पद्धतीवर मुख्य आक्षेप असा घेतला जातो, की तीत व्यवसायाचे लहानलहान तुकडे पाडले जातात आणि तुकड्यांची बेरीज म्हणजे व्यवसाय असे मानले जाते. पंप, शुद्धक व जनित्र यांवरील कामे सुटी सुटी उत्तम करणारा अभियंता सर्व यंत्रणा एकाच वेळी बिघडू लागल्यावर योग्य निर्णय घेईलच असे नाही. ‘व्हायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज २३ मार्च २०१९ रोजी १,३७३ जणांना घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून वादळात जात असता त्याची चालू एंजिने एकामागून एक बंद पडली व वीज गेली. एंजिनांच्या टाक्यांतील वंगण तेलाची पातळी निर्मात्याने सुचविलेल्या पातळीपेक्षा बरीच कमी होती. हेलकाव्यांमुळे पंपांना तेल मिळेनासे झाले आणि संरक्षक यंत्रणेने एंजिने थांबविली. जहाज पुन्हा स्वतःच्या शक्तीने सावरू लागेपर्यंत ३९ मिनिटे गेली. तोवर ते खडकांवर आदळण्याच्या बेतात आले होते. ४७९ प्रवाशांना हेलिकॉप्टरने उतरवून घ्यावे लागले. जहाजावरील अभियंते प्रमाणपत्रधारक होते; परंतु अशा प्रसंगातून सावरण्याचा त्यांना सराव नव्हता, असे चौकशीत दिसून आले. तेलाची पातळी पाहणे हे नवशिक्या कॅडेटच्या पुस्तिकेतील काम आहे. वादळ येत असता ती पातळी पुरेशी आहे काय, हा प्रश्न स्वतःहून विचारणे मात्र कोणत्याही एका रकान्यात सहज बसत नाही.

दुसरा आक्षेप नोंदपुस्तिकेविषयी आहे. कामाच्या घाईत सह्या एकदम व न पाहता केल्या गेल्यास पुस्तिका भरते, पण कॅडेट रिकामाच राहतो. बंदरातील मुक्काम तासांवर आला असून जहाजांवरील कर्मचाऱ्यांची संख्याही कमी झाली आहे. त्यामुळे शिकविण्यास अधिकाऱ्यांना सवड मिळणे दुर्घट होते. निकष किमान पात्रतेचे असल्याने त्यांच्या पलीकडे जाण्याची प्रेरणा राहत नाही आणि सिद्धांताकडे दुर्लक्ष होते, अशीही टीका केली जाते. नवे इंधन किंवा नवी यंत्रणा आल्यावर मूलतत्त्वे जाणणारा अभियंताच लवकर जुळवून घेऊ शकतो, हे तिचे कारण होय.

भारतात एक वेगळी अडचण जाणवते. पूर्व-सागरी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या सर्वांना जहाजावर प्रशिक्षणार्थी म्हणून जागा मिळतेच असे नाही. समुद्रसेवा हा सक्षमतेचा अनिवार्य घटक असल्याने ती न मिळालेल्या तरुणाचे शिक्षण, त्यासाठी कुटुंबाने घेतलेल्या कर्जासह, अर्धवट अवस्थेत राहते. अशा उमेदवारांना खोट्या समुद्रसेवेचे वा पैसे घेऊन नोकरी देण्याचे आमिष दाखविणारे मध्यस्थ गाठतात. प्रशिक्षणाच्या जागा व जहाजांवरील जागा यांचा मेळ घालणे हा म्हणूनच आखणीचाच भाग मानावा लागतो. साहाय्य पातळीवरील कर्मचाऱ्यांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. कोकण व गोवा यांसारख्या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक जहाजांवर काम करीत आलेले आहेत. काय येते यावर भर देणाऱ्या पद्धतीत, पदवी नसलेल्या पण अनुभवी कर्मचाऱ्यास पुढील पातळीच्या चाचणीस बसण्याचा मार्ग तत्त्वतः खुला राहतो. तो प्रत्यक्षात किती सुलभ आहे, यावर या पद्धतीच्या न्याय्यतेची परीक्षा होते.

इतर क्षेत्रांतील उपयोग : कामाशी निगडित प्रमाणनाची पद्धत अभियांत्रिकीच्या अन्य क्षेत्रांतही आढळते. भारतात बाष्पित्र परिचर व बाष्पित्र परिचालन अभियंते यांना १९२३ च्या बाष्पित्र कायद्याखाली व त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्याच्या व्यवस्थेत परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. खाणींतील पर्यवेक्षक, विमानांची देखभाल करणारे अभियंते आणि वितळजोड कारागीर यांच्यासाठीही अशा परीक्षा आहेत. १९८९ च्या वॉशिंग्टन करारानुसार अभियांत्रिकी पदव्यांची मान्यता पदवीधराच्या अंगी असावयाच्या गुणांच्या निकषांवर तपासली जाते. भारत २०१४ मध्ये या कराराचा पूर्ण सदस्य झाला. मात्र पदवीची मान्यता व विशिष्ट हुद्द्यावर काम करण्याची सक्षमता यांतील भेद तेथेही कायम राहतो.

द्रवरूप नैसर्गिक वायूसारख्या कमी प्रज्वलनांकाच्या इंधनांवर चालणाऱ्या जहाजांसाठी २०१७ पासून विशेष प्रशिक्षण बंधनकारक झाले आहे. मिथेनॉल व अमोनिया यांचा इंधन म्हणून वापर होऊ लागला असून अमोनियाच्या विषारीपणामुळे एंजिनकक्षातील कामाच्या रूढ पद्धती बदलाव्या लागत आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने कराराचे सर्वंकष पुनरीक्षण हाती घेतले आहे. यंत्रे बदलली, तरी या पद्धतीपुढील मूळ प्रश्न १८६२ मध्ये होता तोच आहे : प्रमाणपत्रावर लिहिलेले काम, मदतीस कोणी नसताना, ते बाळगणाऱ्याला खरोखर करता येईल काय, याची खात्री सही करणाऱ्याने करून घेतलेली आहे किंवा नाही.

[→ जहाज, जहाजबांधणी, तांत्रिक शिक्षण, बाष्पित्र, सागरी अभियांत्रिकी].